खोलीत कुणाला बसवायचं?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की परराष्ट्र धोरणात काय ठरलं हे बघायच्या आधी ते ठरवताना खोलीत कोण बसलं होतं ते बघावं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत, आणि संपादकांच्या व्हॉट्सॲपवर एवढे व्हॉइस मेसेज पडलेत, की या वेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार. व्हिसा-पासपोर्टचे प्रश्न पाठवलेल्यांनी महिनाभर दम धरा प्लीज.

प्रश्न : मॅडम, आम्ही पाच जण नवी पेठेत एका अभ्यासिकेत यूपीएससी करतोय. क्लासमध्ये एक एक्सरसाइज दिलाय. बांगलादेशबरोबर नदीच्या पाण्याचा वाद आहे, पंतप्रधानांना सल्ला द्यायला पाच जणांची टीम निवडा, नावं नकोत, कुठल्या प्रकारची माणसं घ्याल तेवढं सांगा. एक जण म्हणतो पाचही निवृत्त राजदूत घ्या, दुसरा म्हणतो एक तरी जनरल पाहिजेच, तिसरी म्हणते प्रोफेसर लोक घ्या. चहाच्या टपरीवर एवढा आवाज चढला की टपरीवाल्याने हाकललं. यात बरोबर कोण?
— एक विद्यार्थी, नवी पेठ

उत्तर : टपरीवाला. पाच जणांत दोन कटिंग घेऊन सकाळच्या गर्दीत तासभर बाकडं अडवलंत तर कुणीही हाकलेल.

आता तुमचं भांडण. तुम्ही सगळे हुद्दे मोजत बसलात आणि नदीकडे कुणी बघितलंच नाही. पाण्याचा करार करायचाय ना, मग पहिलं हे विचारा की उद्या करार ठरला तर तो अडवू कोण शकतं. त्या माणसाला पहिली खुर्ची द्या, त्याला परराष्ट्र धोरणातलं ओ की ठो कळत नसलं तरी.

तिस्ता घ्या. सिक्कीममधून निघते, पश्चिम बंगालमधून वाहते आणि बांगलादेशात जाते. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले तेव्हा पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, सही तेवढी बाकी होती, आणि ऐनवेळी पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी कळवलं की हा मसुदा मला मान्य नाही आणि मी तुमच्याबरोबर येत पण नाही. झालं. पंतप्रधान गेले, बाकीच्या कागदांवर सह्या झाल्या, तिस्ता राहिली ती राहिलीच. त्याच्या आधी सुरक्षा सल्लागार शिवशंकर मेनन कोलकात्याला जाऊन त्यांना भेटून आले होते, म्हणजे कुणी विचारलंच नाही असं नाही. पण सगळं ठरत आल्यावर जाऊन भेटणं म्हणजे लग्न ठरवून, हॉल बुक करून, मग थोरल्या काकांकडे पत्रिका घेऊन जाण्यासारखं आहे, काका रुसणारच.

आता १९९६ बघा. राज्य तेच, शेजारी तोच, नदी फक्त गंगा आणि जागा फराक्काचा बंधारा. पंतप्रधान देवेगौडा, परराष्ट्रमंत्री गुजराल, आणि त्यांनी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना आधीपासून आत घेतलं, एवढं की बसू नोव्हेंबरमध्ये स्वतः ढाक्याला जाऊन आले, आणि १२ डिसेंबर १९९६ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा तीस वर्षांचा करार झाला. बंगालमध्ये कुणी ओरडलं असतं तर उत्तर द्यायला बसू तिथे उभे होते, दिल्लीला उत्तर द्यावंच लागलं नाही. तीस वर्षं मोजा, डिसेंबर २०२६ येतं. तुमच्या क्लासवाल्यांनी हा एक्सरसाइज उगाच दिलेला नाही.

दुसरी खुर्ची इंजिनिअरला. तुमच्यात एकाने पण इंजिनिअर म्हटलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण अभ्यासिकेतले निम्मे तुम्ही इंजिनिअरच असता. पाकिस्तानबरोबरच्या सिंधू पाणी कराराच्या वाटाघाटी १९५२ ते १९६० अशा आठ वर्षं चालल्या आणि भारताची बाजू मांडणारे निरंजन गुल्हाटी पाटबंधाऱ्यातले इंजिनिअर होते. करार उघडून बघा, राजकारणाची भाषा पहिल्या काही पानांत संपते आणि पुढच्या पुरवण्यांमध्ये सगळे कालवे, धरणातला साठा आणि एकर-फूट. तिथे 'दोन्ही देशांचे ऐतिहासिक संबंध' वगैरे बोलून भागत नाही, किती पाणी कुठल्या महिन्यात ते सांगावं लागतं.

राजदूत एक घ्या, पण ढाक्यात राहिलेला आणि तिथला बांगला पेपर स्वतः वाचणारा. प्रोफेसर घ्या, हरकत नाही, जागा उरली तर. जनरल या प्रश्नाला नको, सीमेचा विषय असता तर पहिला घेतला असता.

पाचवी खुर्ची मात्र मी अशा माणसाला देईन ज्याचं कामच उलटं बोलायचं आहे. १९७३ मध्ये इस्रायलच्या लष्करी गुप्तचर खात्याची पक्की समजूत होती की इजिप्त एवढ्यात लढाई करणार नाही, समोर सैन्य गोळा होताना दिसत होतं तरी सगळं त्या समजुतीत बसवलं जात होतं, आणि ६ ऑक्टोबरला, ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, हल्ला झाला. चौकशी झाली, माणसं पदावरून गेली, आणि नंतर त्यांनी खात्यात एक छोटा विभाग काढला ज्याला पगारच याचा मिळतो की वरून आलेल्या अंदाजाच्या बरोबर उलटा अंदाज पुराव्यासकट लिहून द्यायचा. त्याला त्यांच्या जुन्या धर्मग्रंथातला एक वाक्प्रचार लावतात, 'इप्खा मिस्तब्रा', म्हणजे साधारण 'उलटंच खरं दिसतंय'. आमच्या घरी हे खातं सासूबाईंकडे होतं, बिनपगारी.

प्रश्न : सल्लागार निवडताना देशभक्ती हा एकमेव निकष हवा. आयुष्यभर परदेशात पार्ट्या झोडलेले हे राजदूत शेवटी त्या देशाचीच भाषा बोलायला लागतात. चीनमधले आपले राजदूत सरदार पणिक्कर आठवा, तिबेट गेलं तेव्हा बीजिंगमध्ये बसून काय करत होते? अशांना चार हात लांब ठेवावं. आपलं मत?
— एक ज्येष्ठ नागरिक, सहकारनगर

उत्तर : काका, पणिक्करांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं, नाहीतर मी काढणार होते. फक्त तुम्ही गोष्ट अर्धी सांगितलीत.

ऑक्टोबर १९५०. कोरियात युद्ध चालू आहे, अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं सैन्य उत्तरेकडे सरकतंय. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पणिक्करांना बीजिंगमध्ये झोपेतून उठवलं आणि चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याकडे बोलावलं. अमेरिकेशी चीनचे संबंध नव्हते, त्यामुळे निरोप भारतामार्फत द्यायचा होता, आणि निरोप अगदी स्वच्छ होता, की दक्षिण कोरियाचं सैन्य दोन्ही कोरियांमधल्या ३८व्या अक्षांशाच्या वर आलं तर ती वेगळी गोष्ट, पण अमेरिकन आले तर आम्ही उतरणार. पणिक्करांनी दिल्लीला कळवलं, दिल्लीने पुढे पोचवलं. आणि वॉशिंग्टनमध्ये काय झालं, तर बरोबर तुमच्यासारखाच विचार झाला. हा पणिक्कर लाल चीनच्या प्रेमात पडलेला माणूस आहे, याचं काय ऐकायचं. अमेरिकन सैन्य वर गेलं, त्याच महिन्यात चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून खाली आलं, आणि ते युद्ध जुलै १९५३ पर्यंत चाललं.

आता तुमची अर्धी गोष्ट. तोच ऑक्टोबर, तेच बीजिंग, तेच पणिक्कर. चिनी फौजा पूर्व तिबेटमध्ये चामडोला शिरल्या, आणि पणिक्करांचं लिहिणं असं की जणू चीनला पण बिचाऱ्याला काही कारणं असतील. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० ला नेहरूंना जे मोठं पत्र लिहिलं त्यात स्पष्ट म्हटलंय की आपल्या राजदूताने चीनच्या वागण्याचं समर्थन शोधायला फारच कष्ट घेतलेत. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि पटेलांचं पण.

मग एकच माणूस एकाच महिन्यात एवढा बरोबर आणि एवढा चूक कसा? मी वर्गात हे कितीतरी वर्षं शिकवलं आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं 'नशीब'. नशीब नाही हो. कोरियाच्या वेळी पणिक्करांनी कानाने ऐकलेलं पोचवलं. तिबेटच्या वेळी त्यांनी स्वतःला वाटलेलं पोचवलं. सल्लागार कसाही असो, डावा उजवा, पार्टी झोडणारा नाहीतर उपास करणारा, त्याच्या कागदावर एक उभी रेघ मारायची, इकडे ऐकलेलं आणि तिकडे वाटलेलं. अमेरिकेने माणूस आवडत नाही म्हणून ऐकलेलं पण फेकून दिलं. आपण माणूस आपला म्हणून वाटलेलं पण ठेवून घेतलं.

आणि देशभक्तीची चाळणी लावायचा प्रयोग अमेरिकेने करून झालाय, निकाल वाचण्यासारखा आहे. जॉन सर्व्हिस आणि जॉन पेटन डेव्हिस, दोघंही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले, चीनमध्येच जन्मलेले, मिशनऱ्यांची मुलं, चिनी भाषा घरातली. १९४४ मध्ये हे लोक लिहून पाठवत होते की चीनमधलं च्यांग कै-शेकचं सरकार आतून पोकळ झालंय आणि कम्युनिस्ट माओची माणसं मजबूत आहेत. १९४९ ला माओ जिंकला. मग अमेरिकेत ओरडा सुरू झाला की चीन कुणी घालवला, आणि ज्यांनी आधी सांगितलं होतं त्यांच्याच मानेवर खापर फुटलं. सर्व्हिसला १९५१ मध्ये काढलं, डेव्हिसला १९५४ मध्ये. सर्व्हिस सुप्रीम कोर्टापर्यंत लढून १९५७ मध्ये परत आला पण तोपर्यंत खात्यातले बाकीचे शहाणे झाले होते, म्हणजे गप्प बसायला शिकले होते. दहा वर्षांत व्हिएतनाम. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी म्हातारपणी कबूल केलं की त्या भागाबद्दल विचारायला आमच्याकडे जाणकार माणूसच नव्हता, होते ते सगळे आधीच हाकलले होते.

तिकडे राहून तिकडचंच होऊन जाणं हा रोग खरा आहे, त्यात वाद नाही. त्याच्यावर औषध जुनंच आहे, दर तीन-चार वर्षांनी बदली.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. दर निवडणुकीत व्हिडिओ कॉलवर दोघांचं वाजतं. मुलगा म्हणतो पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर अध्यक्षांचे सल्लागार ज्यू असतात म्हणून सगळं एकतर्फी होतं, सून म्हणते तसं काही नाही, माणूस बघावा. मला मध्ये घालतात. मी काय बोलू? नातवाला जेवला का विचारून विषय बदलते.
— एक आजी, औंध

उत्तर : आजी, नातवाचं जेवण विचारणं हा मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना आहे, चालू ठेवा. पण या वेळी सुनेची बाजू घ्या, आणि पुरावा म्हणून दोन नावं सांगा. डेनिस रॉस आणि रॉबर्ट मॅली.

जुलै २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक आणि पॅलेस्टाइनचे नेते अराफत यांना वाटाघाटींसाठी कॅम्प डेव्हिडला नेऊन दोन आठवडे ठेवलं. करार झाला नाही. रॉस आणि मॅली दोघंही क्लिंटनच्या टीममध्ये, दोघंही तिथेच, आणि दोघंही ज्यू. बाहेर आल्यावर रॉस म्हणाले दोष अराफतांचा. मॅलींनी वर्षभरात लिहिलं की एकट्या अराफतांच्या डोक्यावर घालू नका, बराक आणि आपण अमेरिकन पण तेवढेच चुकलो. तीच खोली, तेच दोन आठवडे, धर्म एक, निष्कर्ष उलटे. मुलाला विचारा की आता धर्मावरून काय ओळखणार. त्याच टीममधला तिसरा, ॲरन डेव्हिड मिलर, तोही ज्यू, आणि पुढे त्यानेच जाहीर लिहिलं की आपण मध्यस्थ म्हणून गेलो आणि इस्रायलचे वकील होऊन बसलो.

तुमच्या मुलाचं एका बाबतीत मात्र चूक नाही, आणि हे त्याला सांगू नका नाहीतर चढून बसेल. त्या टीममध्ये अरबी जन्मापासून येणारा, अराफतांच्या बोलण्यातलं न बोललेलं पकडणारा माणूस म्हणजे गमाल हेलाल, इजिप्तमध्ये जन्मलेला, आणि तो होता दुभाषी. म्हणजे जो सगळ्यात जास्त ऐकू शकत होता त्याला बसवलं भाषांतराला.

२००८ ला काय झालं ते पण सांगते. ओबामांच्या प्रचाराच्या वेळी हे दोघंही त्यांच्या आसपास होते. मॅली तेव्हा इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप म्हणून एका संस्थेत काम करायचे, भांडणाच्या सगळ्या बाजूंना भेटून अहवाल लिहायचा हे तिथलं काम, त्यात हमासचे लोक पण आले. मे महिन्यात ही भेट पेपरवाल्यांना कळली आणि मॅलींनी प्रचारातून अंग काढून घेतलं. रॉस राहिले. निवडणुकीचा हिशोब म्हणून मला ते समजतं, उमेदवाराला मतं पाहिजेत. पण सल्ल्याचा हिशोब उलटा लागतो, कारण ज्याच्या रकान्यात 'ऐकलेलं' जास्त होतं तोच गेला. ओबामांनी नंतर मॅलींना परत बोलावलं, पण निवडून आल्यावर, थेट २०१४ मध्ये.

आता सून फार खूश होऊ नये म्हणून एक. ओबामांनी २००९ मध्ये याच प्रश्नावर जॉर्ज मिचेल यांना पाठवलं. त्यांनी उत्तर आयर्लंडचं तीस वर्षांचं भांडण १९९८ मध्ये करारापर्यंत आणलेलं होतं, आई लेबनॉनची, स्वभाव असा की दोन्हीकडचं तासन् तास ऐकून घेणार. याच्यापेक्षा चांगला माणूस कुठून आणणार? मे २०११ मध्ये राजीनामा देऊन घरी गेले. माणूस चांगला निवडला की काम होतंच असं नाही.

प्रश्न : सगळं पंतप्रधानच ठरवतात. सल्लागार हा शोभेचा प्राणी. चूक की बरोबर?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : बऱ्याचदा बरोबर. पण फेब्रुवारी २००६ आठवा. अमेरिकेबरोबरचा अणुकरार चालला होता, बुश दिल्लीला यायला महिनासुद्धा नव्हता, आणि आपल्या कुठल्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली जाणार याची यादी ठरत होती. अमेरिकेला फास्ट ब्रीडर, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या, पण त्या यादीत हव्या होत्या. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर, आपला मराठी माणूस, एरवी हळू आवाजात बोलणारा, त्यांनी सरळ पेपरला मुलाखत देऊन सांगितलं की ब्रीडर तपासणीखाली देणं देशाच्या हिताचं नाही. सरकारी पदावर बसलेल्या माणसाने वाटाघाटी चालू असताना असं जाहीर बोलायचं म्हणजे खुर्ची पणाला लावणं, आणि दिल्लीत बरेच जण चिडले म्हणे. पण २ मार्चला जी योजना जाहीर झाली त्यात २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली गेल्या आणि ब्रीडर बाहेर राहिल्या.

शोभेचा प्राणी असं करत नाही. अर्थात मनमोहन सिंगांनी त्यांना काढलं पण नाही, ते पण धरा हिशोबात.

आणि १९९४. जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरवरून पाकिस्तानचा ठराव होता. पंतप्रधान नरसिंह राव, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे, त्यांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेते वाजपेयींना, जोडीला सलमान खुर्शीद आणि फारूख अब्दुल्ला. ठराव मतदानाला न टाकता पाकिस्तानने मागे घेतला. काँग्रेसमध्ये तेव्हा माणसं कमी होती असं नाही. पण देशातच ज्यावर रान उठतं अशा विषयात विरोधकाला आत बसवलं की समोरच्याला फट सापडत नाही, आणि घरी आल्यावर विरोधकाला पण ओरडता येत नाही, हा रावांचा दुहेरी डाव. मला तो फार आवडतो. २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं देशोदेशी पाठवली, त्यातल्या एकाच्या प्रमुख आपल्या बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि एकाचे श्रीकांत शिंदे, ती त्याच वळणाची गोष्ट. फरक एवढाच की यात निर्णय आधी झाला होता, ही मंडळी तो समजावून सांगायला गेली.

प्रश्न : तुमचं सगळं दिल्ली-वॉशिंग्टन झालं. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आहे, सल्लागार नेमायचाय, त्यावर चार महिने भांडणं चालू आहेत. यातून आम्हाला काही घेता येईल का?
— एक सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : येईल, कारण मी स्वतः यातून गेलेय आणि अजून पूर्ण बाहेर आलेली नाही.

आमच्या पार्किंगमध्ये मीटिंग होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॅरमबोर्डावर लॅपटॉप, भिंतीवर चादर लावून प्रेझेंटेशन. सल्लागार साहेब इस्त्रीच्या शर्टात, सहकार कायद्यातल्या रीडेव्हलपमेंटच्या ७९(अ)ची कलमं तोंडपाठ, बोलताना इतके गोड की कमिटीतले दोघं तर मान हलवत हलवत विरघळायलाच आले होते. सगळं झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना ऐकायला कमी येतं म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं, त्यांनी विचारलं, "तुमचे पैसे कोण देणार?" साहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला एक रुपया पडणार नाही, बिल्डरच देतो." आजी म्हणाल्या, "मग तुम्ही त्याचे झालात की." पाच सेकंद फक्त पंख्याचा आवाज.

आम्ही तरी त्यांनाच नेमलं. एक रुपया पडणार नाही म्हणून. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, प्रकरण चालू आहे, पण कार्पेट एरियाचा आकडा तीन वेळा बदललाय एवढं सांगते.

आजींचा प्रश्न दिल्लीत पण लागू होतो आणि तिथे पण लोक विचारायला लाजतात. वरच्या दर्जाच्या सरकारी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते, असा नियम आहे. बरं, वर्ष संपल्यावर? काल ज्या देशाशी बोलणी केली त्याच देशाच्या कंपनीच्या बोर्डावर आज बसता येतं. म्हणून टीव्हीवर कुणी 'माजी अमुक' पट्टी लावून बसला की मी माजीच्या आधी आजी काय आहे ते शोधते. तुमच्या सल्लागाराला सोसायटीच्या खात्यातून, सोसायटीच्या चेकने फी द्या. महाग वाटेल. द्या.

प्रश्न : पुण्यात एवढं मोठं राज्य चाललं, पेशव्यांकडे असे परराष्ट्र सल्लागार होते का?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : होते, त्यांना वकील म्हणायचे, कोर्टातले नव्हे. दिल्लीत हिंगणे घराणं, निजामाकडे गोविंदराव काळे. दरबारात बसायचं, कान उघडे ठेवायचे, रोज काय घडलं ते लिहून पुण्याला जासूद रवाना करायचा. पानिपतच्या आधीच्या वर्षांत दिल्लीत हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर या दोघांचं अजिबात पटत नव्हतं आणि दोघंही पुण्याला एकमेकांच्या पैशाच्या भानगडी कळवायचे. शनिवारवाड्यात बसलेल्या नानासाहेबांनी त्यातून खरं काय आणि जळफळाट किती हे कसं वेचायचं, विचार करा, पत्र यायलाच किती दिवस.

आणि उलट बाजूने, १७८६ पासून इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट पुण्यात येऊन बसला, पुढे मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी झाली, आणि तिथून तोही हेच करत होता, ऐकायचं आणि लिहायचं. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी ती रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली. तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन तोपर्यंत सगळं ऐकून खडकीला पोचला होता.

हिंगण्यांची पत्रं छापून झालेली आहेत, तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे विचारा. छापील देवनागरीत आहेत, मोडी यायची गरज नाही, भाषेला तेवढा आठवडा द्यावा लागतो.